लिंडा मेडालेन कोण, ते मला विचारा!

लिंडा मेडालेन. ऐकलंय हे नाव? नसेल ऐकलं तर लाजायचं कारण नाही, मीही परवापरवापर्यंत ऐकलं नव्हतं. आता मात्र आमच्या घरात ते इतक्यांदा घेतलं जातं की सुट्टीला आलेल्या मावशींनी मेथी निवडता निवडता विचारलं, "ही लिंडा तुझ्या ऑफिसातली का गं?" ऑफिसातली नव्हे हो मावशी! नॉर्वेची आहे. ऑस्लोत पोलिसाची नोकरी सांभाळून फुटबॉल खेळायची. १२ जून १९८८ या दिवशी चीनमधल्या ग्वांगझू शहरात तिनं स्वीडनविरुद्ध एक गोल मारला. सामन्यातला तेवढा एकच गोल. नॉर्वे जिंकला. आणि जगभरच्या बायका गेली कित्येक वर्षं जे मागत होत्या ते द्यावंच लागणार, हे फिफाला त्या मैदानावर कळून चुकलं. एवढी मोठी गोष्ट, आणि मला ती कुणी सांगितलीच नव्हती! म्हणून आता मी दिसेल त्याला सांगत सुटले आहे. आज तुमची पाळी.

मी काही फुटबॉलवाली नाही. आमचा पिंड क्रिकेटचा. पण जुलै २०२५ मध्ये चिआंग मायला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच अंगणात २-१ असं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून, जिंकून, आशिया चषकात जागा मिळवण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ. मी घरात एकटीच नाचले. नाचून झाल्यावर मनात आलं, हरवलं खरं, पण थायलंड म्हणजे नक्की केवढी शिकार? बघायला बसले तर चांगलीच मोठी निघाली. १९८३ साली अंतिम सामन्यात आपल्यालाच हरवून आशियाचं विजेतेपद नेणारा संघ, २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला. तशीच मागे मागे जात राहिले आणि एका ओळीपाशी अडकले. ब्राझील ९, थायलंड ०. चीन, जून १९८८.

थांबा, थांबा. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ चा, एवढं सामान्यज्ञानाच्या पुस्तकामुळे मलाही पाठ होतं. मग १९८८ मध्ये ब्राझील आणि थायलंडच्या बायका चीनमध्ये काय करत होत्या?

त्या परीक्षा देत होत्या. तिला नाव होतं फिफाची महिला निमंत्रित स्पर्धा. बारा संघांना आमंत्रणं गेली, १ ते १२ जून असे बारा दिवस ठरले आणि ग्वांगडाँग प्रांतातली चार ठिकाणं मुक्रर झाली: ग्वांगझू, फोशान, ज्यांगमेन आणि पान्यू. (फोशान म्हणजे ब्रूस लीचे गुरू इप मॅन यांचं गाव. याचा फुटबॉलशी काडीचा संबंध नाही, पण मला सांगितल्यावाचून राहवलं नाही.) पात्रता फेरी नाही, काही नाही. फिफाच्या सहाही खंडीय महासंघांतून संघ बोलावले होते. यजमान चीन, जपान, थायलंड, नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स, चेकोस्लोव्हाकिया, अमेरिका, कॅनडा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि आयव्हरी कोस्ट. हेतू एवढाच की बायकांचा विश्वचषक भरवला तर तो तग धरेल का, लोक येतील का, खेळ बघण्याजोगा होईल का, ते एकदा करून बघायचं. सगळं जमलं तर पुढचं बोलू.

आणि ही वेळ आली कशी, तर एका बुटक्या बाईमुळे! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. १९८६ साली मेक्सिकोत फिफाचं अधिवेशन भरलं होतं. जगभरचे पदाधिकारी, सगळे सुटाबुटातले पुरुष. तिथे नॉर्वेच्या प्रतिनिधी म्हणून एलेन विल्ले बोलायला उभ्या राहिल्या. फिफाच्या अधिवेशनात बोलणारी ही पहिली बाई. उंची इतकी कमी की भाषणाच्या त्या उंच चौथऱ्यामागे त्या धड दिसतही नव्हत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या कागदपत्रांत महिला फुटबॉल कुठे आहे? आम्हाला आमचा विश्वचषक हवा, ऑलिंपिकमध्ये जागा हवी. तेव्हा अध्यक्ष होते ब्राझीलचे जोआव आवेलांज. नाही म्हणायची सोय उरली नाही, आणि दोन वर्षांत ग्वांगडाँगची ही चाचणी ठरली.

माझ्या लेकीला हे सगळं रंगवून सांगत होते, तर ती म्हणाली, "आई, पण मुलग्यांनी दिली होती का अशी परीक्षा?"

अरेच्चा! बघितलं. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९३० चा, उरुग्वेतला. तेरा संघ. तेसुद्धा आमंत्रण देऊन बोलावलेले, पात्रता फेरी तिथेही नव्हती. युरोपातून बोटीनं एवढ्या लांब जायचं म्हणून तिकडचे चारच संघ आले. पण आधी रंगीत तालीम करून दाखवा, मग बघू, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. तेरा पुरुष संघ जमले तो थेट विश्वचषक झाला आणि अठ्ठावन्न वर्षांनी बारा महिला संघ जमले ती चाचणी. इथे माझं डोकं जरा तापलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही.

कारण परीक्षा तर बायकांनी कधीच देऊन ठेवली होती. १९२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली, आणि ती सुमारे पन्नास वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीत १९५५ पासून १९७० पर्यंत बंदी. ब्राझीलमध्ये, फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणाऱ्या ब्राझीलमध्ये, १९४१ च्या सरकारी हुकमानं बायकांचा खेळ बंद, तो थेट १९७९ पर्यंत. आणि १९७१ चं मेक्सिको तर ऐकाच. फिफाला बाजूला ठेवून तिथे महिलांची जागतिक स्पर्धा भरली. अझ्टेका स्टेडियममध्ये अंतिम सामन्याला लाखाच्या वर माणसं. डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० असं हरवलं आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीचे. पंधरा! आपल्याकडे त्या वयात दहावीचे क्लास लावतात. आणि या सगळ्यानंतर सतरा वर्षांनी फिफा विचारतेय, बायकांचा सामना बघायला लोक येतील का हो?

आले. सलामीचा सामना चीन विरुद्ध कॅनडा, चीन २-० असा जिंकला आणि प्रेक्षक होते ४५ हजार.

आता मी माझ्या सगळ्यात लाडक्या भागाकडे येते. लेकीच्या जुन्या गणिताच्या वहीचं मागचं पान फाडून मी त्यावर ब गटाचा तक्ता मांडलाय, तो अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. ब्राझील, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया आणि आपला तो थायलंड. पहिला धक्का ऑस्ट्रेलियाचा, ब्राझीलवर १-० अशी मात! गोल जनीन रिडिंग्टनचा. ऑस्ट्रेलियाच्या बायकांचा फिफाच्या स्पर्धेतला पहिला गोल, आणि तो ब्राझीलवर. मग ब्राझीलनं नॉर्वेला २-१ असं हरवलं. मग नॉर्वेनं ऑस्ट्रेलियाला ३-० असं धुतलं. म्हणजे ऑस्ट्रेलिया ब्राझीलला भारी, ब्राझील नॉर्वेला भारी, नॉर्वे ऑस्ट्रेलियाला भारी. निव्वळ दगड-कागद-कात्री! थायलंडला तिघींनीही हरवलं, ब्राझीलनं नऊ गोलांनी, नॉर्वेनं चार, ऑस्ट्रेलियानं तीन. तेव्हा विजयाला दोन गुण मिळायचे. म्हणजे तिघींचे सारखे चार-चार गुण, आणि क्रमांक ठरवायचा गोलफरकावर. करा बेरीज: ब्राझीलनं अकरा मारले, दोन खाल्ले, म्हणजे अधिक नऊ. नॉर्वेचे आठ आणि दोन, अधिक सहा. ऑस्ट्रेलियाचे चार आणि तीन, अधिक एक. क्रिकेटच्या रनरेटवर वाढलेल्या माणसाला याहून काय गोड लागणार! बाद फेरीत आठ संघ जायचे होते, त्यामुळे तिसरा येऊनही ऑस्ट्रेलिया आत गेला. गेला आणि उपांत्यपूर्व फेरीत चीननं त्याला सात गोल घातले. पण ते सोडा. ब्राझीलला हरवलं होतं ना!

त्या ब्राझीलच्या संघाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. बंदी उठून जेमतेम नऊ वर्षं झालेली. रिओच्या रडार या क्लबच्या मुलींच्या जोरावर उभा केलेला संघ. अंगावर कपडे कुठले, तर पुरुषांच्या संघाचे वापरून उरलेले. पुरुषांच्या मापाचे ते ढगळ टी-शर्ट घालून या पोरी चीनमध्ये उतरल्या. त्यांच्यात सिसी होती. बाहियाची. लहानपणी घरात चेंडू नव्हता म्हणून बाहुल्यांची डोकी उपटून ती त्यांनीच खेळायची! स्पर्धा सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकवीस वर्षांची झाली. हीच सिसी पुढे १९९९ च्या विश्वचषकात सात गोल मारून चीनच्या सुन वेनच्या बरोबरीनं सर्वाधिक गोल करणारी ठरली. सुन वेन सगळ्यांना माहीत असते, सिसीचं नाव कमी निघतं. ते आता आमच्या घरात निघतं.

बाद फेरी मी एका दमात सांगते, कारण ती मी एका दमातच वाचली. नॉर्वेनं अमेरिकेला १-० असं घरी पाठवलं. हो, अमेरिकेला! आज महिला फुटबॉल म्हटलं की ज्यांचं नाव पहिल्यांदा तोंडात येतं त्या अमेरिकेला. ब्राझीलनं नेदरलँड्सला २-१, स्वीडननं कॅनडाला १-० असं काढलं. उपांत्य सामन्यात पुन्हा नॉर्वे आणि ब्राझील समोरासमोर. गटात १-२ असा हरलेला नॉर्वे या वेळी २-१ असा जिंकला. आकडे तेच, बाजू उलटी. दुसरीकडे स्वीडननं यजमान चीनला २-१ असं हरवलं. घरच्या लोकांचा केवढा विरस झाला असेल! तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात चीन आणि ब्राझील यांना गोलच करता आला नाही, आणि पेनल्टींवर ब्राझील जिंकला. उरलेल्या कपड्यांतल्या पोरींना जगात तिसरा नंबर. आणि मग अंतिम सामना, शेजारीशेजारी असलेले दोन देश, त्यांचं जुनं वैर, आणि लिंडा मेडालेन.

१२ जून १९८८ हा रविवार होता. मी कॅलेंडर काढून पाहिलं, कारण मला जाणून घ्यायचं होतं की तेव्हा आपण काय करत होतो. रविवार सकाळ म्हणजे दूरदर्शनवर 'रामायण', असे ते दिवस. रस्ते ओस, टीव्हीला हार. फुटबॉलच्या जगाचंही लक्ष दुसरीकडेच होतं. दोनच दिवसांपूर्वी पश्चिम जर्मनीत पुरुषांचा युरो सुरू झाला होता. त्याच रविवारी तिथे आयर्लंडनं इंग्लंडला १-० असं हरवून खळबळ माजवली, आणि सोव्हिएत संघानं नेदरलँड्सला. त्या युरोतला व्हॅन बास्टनचा अंतिम सामन्यातला गोल आजही माणसं डोळे मिटून वर्णन करून सांगतात. आमचे शेजारी तर हातवारे करून दाखवतात. त्यांना विचारलं, त्याच महिन्यात नॉर्वेच्या बायकांनी चीनमध्ये काय केलं ठाऊक आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना तिथेच जिन्यात उभं करून ब गटाचा तक्ता तोंडी ऐकवला. गोलफरकासकट.

परीक्षेचा निकाल लागायला फार वेळ लागला नाही. ३० जून १९८८ ला, म्हणजे अंतिम सामन्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, फिफानं महिलांच्या विश्वचषकाला मान्यता दिली. १९९१, पुन्हा चीन, पुन्हा बारा संघ. पास! पण मार्क देताना हात आखडताच. सामने नव्वद मिनिटांचे नव्हेत, ऐंशी मिनिटांचे. बायकांना शेवटची दहा मिनिटं झेपतील की नाही, अशी शंका. आणि स्पर्धेच्या नावात 'विश्वचषक' हा शब्द सरळ घालायचीसुद्धा छाती झाली नाही. नाव ठेवलं जागतिक अजिंक्यपद, आणि वर पुरस्कर्ता म्हणून एम अँड एम्सच्या चॉकलेट गोळ्यांचा कप! विश्वचषक ही पदवी तिला मागाहून मिळाली. मी चॉकलेटच्या विरोधात नाही, पण तरी.

आणि आता नियतीची गंमत बघा. १६ नोव्हेंबर १९९१, ग्वांगझूचं तियानहे स्टेडियम, पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना. चीन विरुद्ध नॉर्वे. निमंत्रित स्पर्धेचा विजेता नॉर्वे किती गोलांनी हरावा? चार! ४-०! आपल्याच घरात स्वीडनकडून झालेला तो विरस चीननं बहुतेक नॉर्वेवर काढला. पण नॉर्वेच्या बायका तशा चिवट. सावरल्या, जिंकत गेल्या, आणि ३० नोव्हेंबरला त्याच तियानहेत अंतिम सामन्यात पोचल्या. समोर अमेरिका, १९८८ मध्ये त्यांनीच घरी पाठवलेली. मिशेल एकर्सनं अमेरिकेसाठी पहिला गोल केला. नॉर्वेला बरोबरी कुणी साधून दिली?

लिंडा मेडालेननं! अजून कुणी असणार! मी हे वाचलं तेव्हा एवढ्यांदा ओरडले की मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. पण शेवटी शेवटी एकर्सनं दुसरा मारला आणि अमेरिका पहिली विश्वविजेती झाली. नॉर्वेला थांबावं लागलं ते १९९५ पर्यंत. त्या वर्षी स्वीडनमध्ये त्यांनी चषक उचलला, आणि त्या संघातही मेडालेन होतीच. बुटक्या विल्लेबाईंच्या देशानं विश्वचषक नेला, हे मला फार न्याय्य वाटतं. फुटबॉलमध्ये न्याय क्वचित मिळतो, तेव्हा मिळाला की मोठ्यानं सांगावा.

त्या बारा संघांतल्या बायकांचं पुढे काय झालं, हे शोधण्यात माझे आता तास जातात. ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या मोया डॉड पुढे वकील झाल्या आणि २०१३ मध्ये थेट फिफाच्या कार्यकारी समितीत जाऊन बसल्या. ज्या संस्थेनं त्यांच्या पिढीची परीक्षा घेतली, तिच्याच टेबलावर. आणि निमंत्रित स्पर्धा हा प्रकार, जो मला तोवर दुय्यम वाटायचा, त्याच्यावर माझा आता जीव जडलाय. विश्वचषकाला पात्रतेची शिडी लागते. निमंत्रित स्पर्धेला एक पत्र पुरतं. ज्या देशांना मोठ्या संघांशी खेळायला वर्षानुवर्षं मिळत नाही त्यांना ते इथे मिळतं. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर १९९४ पासून अल्गार्व्ह कप भरू लागला, वसंताच्या तोंडावर, समुद्राकाठच्या छोट्या छोट्या गावांत. पहिला कुणी जिंकला? नॉर्वेनं. (मी काही ठरवून सांगत नाही हो, तसंच आहे.)

आणि आपल्यालाही अशी पत्रं येतात! फेब्रुवारी २०२४ मध्ये तुर्कीतल्या अलान्या गावी आपल्या मुली अशीच एक स्पर्धा खेळल्या. चारच संघ: भारत, एस्टोनिया, हाँगकाँग, कोसोव्हो. पहिल्याच सामन्यात आपण एस्टोनियाला ४-३ असं हरवलं. युरोपातल्या संघावर आपल्या महिला संघाचा हा पहिला विजय. मनीषा कल्याणचे दोन गोल. ४-१ अशी आघाडी होती आणि शेवटच्या काही मिनिटांत एस्टोनियानं दोन गोल परत केले. तो सामना मी तेव्हा पाहिला नाही, आता जमेल तेवढ्या तुकड्यांत पाहते, आणि निकाल माहीत असूनही ती शेवटची मिनिटं माझ्या छातीत धडधडतात. मग हाँगकाँगला हरवलं. शेवटी कोसोव्होनं भरपाईच्या वेळेत एक गोल मारला, आणि आपण उपविजेते.

१९८८ च्या बारा आमंत्रणांत मात्र भारताचं नाव नव्हतं, आणि ते मला खुपतं. कारण आपला संघ तेव्हा काही आशियाच्या तळाला नव्हता. १९७९-८० च्या मोसमात आशियाई स्पर्धा आपल्याच कोझिकोडला झाली होती. आपले दोन संघ उतरले आणि त्यातला एक अंतिम सामन्यात जाऊन तैवानकडून हरला. तिसरा नंबर कुणाचा होता, माहितीय? वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा! देश नव्हे, ऑस्ट्रेलियातलं एक राज्य आशियाई स्पर्धेत! १९८३ मध्ये आपण पुन्हा अंतिम सामन्यात, आणि त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार, फुटबॉल खेळणाऱ्या बाईला मिळालेला पहिला.

म्हणून आता ग्वांगडाँगवरून माझी गाडी कोझिकोडला वळली आहे. भारताकडून खेळलेल्या गोव्याच्या योलांडा डिसूझांचं नाव सापडलंय, आणखी नावं हवी आहेत. तुमच्या घरात, तुमच्या आत्याच्या, शेजारणीच्या, शाळेतल्या पीटीच्या बाईंच्या ट्रंकेत त्या काळच्या महिला फुटबॉलची कात्रणं असतील, संघाचा फोटो असेल, तर मला या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. कात्रणावर तारीख असली तर फार बरं. आणि कुणा आजी खेळलेल्याच असतील तर मी स्वतः येते, वही घेऊन.